बर्लिन ते बेलासिस रोड : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

(टी.ई. केमिकल)

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत निबंध लिहून आता चार वर्षं झाली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाच्या पदरात घालते आणि सुरुवात करते.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने पाणी गाळायचं एक छोटं मॉडेल बनवलं होतं. तीन महिने रात्री जागून. दुसऱ्या एका कॉलेजच्या स्पर्धेत गेलो तर काय, शेजारच्या टेबलवर हुबेहूब आमचंच मॉडेल! फक्त रंग वेगळा. आमचे फोटो आधीच कोणाकडून तरी पोहोचले होते. बक्षीसही त्यांनाच मिळालं. परत येताना लोकलमध्ये मी एवढी चिडले होते की कॉपी करणाऱ्या माणसाला थेट तुरुंगात टाकावं असं माझं ठाम मत झालं. पेटंट म्हणजे देवाने दिलेली गोष्ट आणि ते तोडणारा चोर, इतकं सोपं गणित.

मग या सेमिस्टरला बौद्धिक संपदेचा पेपर आला. नोट्समध्ये एक ओळ होती : १९७० च्या भारतीय कायद्याने औषधांवरचं प्रॉडक्ट पेटंट बंद केलं. मला प्रश्न पडला, म्हणजे सरकारनेच कॉपी करायला परवानगी दिली? असं कोणता देश करेल? सरांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, एक नाव दिलं : डॉ. के. ए. हमीद. लायब्ररीत जाऊन बस म्हणाले. बसले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ चा, अलिगढचा. घर शिकलेलं, खानदानी, पण श्रीमंत नव्हे. मुलाला रसायनशास्त्राचं वेड. अलाहाबादला शिकत होते तोवर गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं. सरकारी विद्यापीठातून बाहेर पडायची हाक आली आणि हमीद बाहेर पडले. आज आपण एका केटीने हादरतो. त्या पिढीने अख्खं विद्यापीठ सोडलं! २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढमध्ये जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना झाली, सरकारी पैशाशिवाय चालणारं राष्ट्रीय विद्यापीठ. त्या सुरुवातीच्या दिवसांत हमीद तिथे होते. पुढे राष्ट्रपती झालेले झाकीर हुसेन हे त्यांचे तिथले मित्र.

पण नुसत्या देशभक्तीने रसायनशास्त्र येत नाही. १९२४ मध्ये उसनवारी करून त्यांना परदेशी पाठवायचं ठरलं. घरच्यांच्या डोक्यात इंग्लंड होतं. हमीद पोहोचले जर्मनीला! कारण साधं होतं. त्या काळात रसायनशास्त्र शिकायचं तर बर्लिनला जायचं. रंग, औषधं, खतं, सगळ्यात जर्मनी जगाच्या पुढे होती.

इथे मी जरा थांबते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पेटंट दोन प्रकारचं असतं. समजा पुरणपोळीचा शोध आजच लागला. प्रोसेस पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्या बाईच्या कृतीने पोळी करायची तर तिची परवानगी हवी. तुम्ही डाळ वेगळ्या पद्धतीने शिजवली, पुरण वेगळ्या रीतीने वाटलं, तर तुमची पोळी तुमची. प्रॉडक्ट पेटंट म्हणजे पुरणपोळी या वस्तूवरच हक्क. तुम्ही कशाही पद्धतीने करा, ताटात पुरणपोळी दिसली की तुम्ही चोर!

आता गंमत बघा. १८७७ च्या जर्मन पेटंट कायद्यात रसायनांवर प्रॉडक्ट पेटंट मिळतच नव्हतं. फक्त प्रोसेस. एकाने रंग बनवला की दुसरी कंपनी तोच रंग नव्या वाटेने बनवायच्या मागे लागायची. त्या चढाओढीत जर्मन केमिस्ट तयार झाले आणि बायर, हॉकस्ट, बीएएसएफ मोठ्या झाल्या. जर्मनीने औषधांवर प्रॉडक्ट पेटंट दिलं ते थेट १९६८ मध्ये. जपानने १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडने १९७७ मध्ये, इटलीने १९७८ मध्ये. म्हणजे आधी घर बांधून झालं, मग दाराला कुलूप लावलं.

आणि भारतात? आपल्याकडे होता इंग्रजांचा १९११ चा पेटंट आणि डिझाइन कायदा. त्यात औषधाच्या वस्तूवरही हक्क मिळायचा, तोही १६ वर्षं. म्हणजे हमीद ज्या देशात शिकले तिथे मोकळं मैदान होतं, आणि ज्या देशात त्यांना काम करायचं होतं तिथे कुलूप. चावी परदेशात.

बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळाली. तिथेच त्यांची ल्युबा देर्झान्स्का या लिथुआनियन ज्यू मुलीशी ओळख झाली आणि १९२८ मध्ये बर्लिनमधल्या मशिदीत दोघांचं लग्न झालं. अलिगढचा मुसलमान मुलगा, लिथुआनियाची ज्यू मुलगी आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर यायला पाच वर्षं बाकी! या जोडप्याने पुढे मुंबईत संसार थाटला. जगात त्या वेळी जे चाललं होतं ते आठवलं की हे लग्न हीच मला एक लढाई वाटते.

१७ ऑगस्ट १९३५ रोजी मुंबईत एक कंपनी नोंदली गेली. नाव लांबलचक : द केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. अद्याक्षरं घेतली की झालं सिप्ला. अधिकृत भांडवल ६ लाख रुपये. जागा मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर, भाड्याच्या एका छोट्या बंगल्यात. (हा रस्ता म्हणजे आताचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग.) पहिली औषधं बाजारात आली १९३७ मध्ये.

आता माझ्या त्या मॉडेलच्या रागाला पहिला धक्का बसला तो इथे. हमीद यांच्याकडे स्वतःची अनेक औषधी सूत्रं होती. ती त्यांनी कंपनीला देऊन टाकली, रॉयल्टीचा एक पैसाही न घेता. म्हणजे हा माणूस दुसऱ्याचं फुकट मागणारा नव्हता. आधी त्याने स्वतःचं फुकट दिलं होतं. मी मात्र एका मॉडेलवरून आठवडाभर कोणाशी बोलत नव्हते.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधी सिप्लाच्या कारखान्यात आले. दोनच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. युरोपातून येणारी औषधं थांबली. ज्या देशाची औषधं बोटीतून येतात, त्या देशाचा ताप बोटीवर अवलंबून असतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. सिप्ला आणि इतर मूठभर देशी कंपन्यांनी त्या काळात जमेल ते बनवलं. शुद्ध रसायनं, जी आतापर्यंत बाहेरून येत होती, ती इथे तयार व्हायला लागली.

हमीद यांना कळलं होतं की एका कारखान्याने हे होणार नाही. देशाची स्वतःची प्रयोगशाळा हवी. त्यांनी औद्योगिक संशोधन संस्थेची एक योजना सरकारपुढे मांडली. १९४२ मध्ये सीएसआयआर उभी राहिली त्यामागे शांतिस्वरूप भटनागर, रामस्वामी मुदलियार यांच्याबरोबर हमीद यांच्या योजनेचाही वाटा होता. तिच्या नियामक मंडळावरही त्यांनी काम केलं. आपण केमिकलवाले ज्या एनसीएलमध्ये इंटर्नशिप मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसतो, ती पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच सीएसआयआरची. ३ जानेवारी १९५० रोजी तिचं उद्घाटन झालं.

या सगळ्याबरोबर राजकारणही होतंच. १९३७ ते १९६२ अशी पंचवीस वर्षं ते मुंबईच्या विधान परिषदेत होते. मुंबईचे शेरीफही झाले. फाळणीला त्यांचा विरोध होता. १९४७ मध्ये नातेवाईक, मित्र सीमेपलीकडे जात असताना त्यांनी बेलासिस रोड सोडला नाही.

स्वातंत्र्य आलं. झेंडा बदलला, पेटंटचा कायदा मात्र तोच राहिला, १९११ चा!

तो बदलावा का, हे बघायला सरकारने १९४८ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश बक्षी टेकचंद यांची समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून सक्तीच्या परवान्यांच्या काही तरतुदी झाल्या. सक्तीचा परवाना म्हणजे काय, तर पेटंटचा मालक औषध पुरवत नसेल किंवा भाव परवडत नसेल तर सरकार दुसऱ्याला ते बनवायला सांगू शकतं, मालकाला रॉयल्टी देऊन. पण एवढ्याने भागलं नाही. १९५३ मध्ये आणलेलं विधेयक तसंच बारगळलं. मग १९५७ मध्ये न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्यावर काम सोपवलं गेलं. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांचा अहवाल आला. आपल्या व्हायवात कोणी विचारत नाही, पण हा अहवाल इंजिनिअरने वाचायलाच हवा असं माझं मत झालं आहे.

अय्यंगार यांनी साधा हिशोब मांडला. भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी लोकांच्या नावावर आहेत, आणि त्यातली बहुतेक भारतात वापरलीच जात नाहीत. म्हणजे कारखाना इथे काढायचा नाही, आणि दुसऱ्याला काढू द्यायचा नाही. पेटंट म्हणजे समाजाने केलेला सौदा असतो. तू शोध सांग, आम्ही तुला काही वर्षं मक्तेदारी देतो. इथे मक्तेदारी दिली जात होती आणि बदल्यात देशाला कारखाना, तंत्र, स्वस्त माल यातलं काहीच मिळत नव्हतं. त्यांनी जर्मनीचं उदाहरण पुढे ठेवलं : अन्न आणि औषधांना फक्त प्रोसेस पेटंट द्या.

त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर केफॉवर यांची समिती औषधांच्या किमती तपासत होती. १९६१ च्या तिच्या अहवालात आपल्यासाठी एक लाजिरवाणी नोंद होती. प्रॉडक्ट पेटंट देणाऱ्या भारतात काही औषधांच्या किमती जगातल्या सगळ्यात जास्त किमतींपैकी होत्या. गरीब देश, आणि भाव श्रीमंतांपेक्षा चढे!

१९६० मध्ये हमीद यांचा मुलगा युसूफ केंब्रिजहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतला आणि वडिलांच्या कंपनीत रुजू झाला. त्याच वर्षी सिप्लाचा विक्रोळीचा कारखाना सुरू झाला. १९६१ मध्ये मुंबईत देशी औषध उत्पादकांची संघटना, आयडीएमए, स्थापन झाली. तरुण युसूफ त्यात होता. कायदा बदला, ही या देशी कंपन्यांची मोठी मागणी होती.

आता दुसऱ्या बाजूचा जोर बघा. १९६५ मध्ये नवं विधेयक लोकसभेत आलं. संयुक्त समिती बसली. परदेशी कंपन्या आणि त्यांच्या संघटना साक्ष द्यायला आल्या. संशोधन थांबेल, गुंतवणूक जाईल, भारताची पत जाईल, हा त्यांचा सूर. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बुडालं. १९६७ मध्ये परत आणलं. परत समिती, परत साक्षी.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयात एक खटला चालला, त्यावरून जुन्या कायद्याची पकड कळते. मधुमेहावरचं टॉल्ब्युटामाइड हे औषध. पेटंट जर्मनीच्या हॉकस्टचं. परळच्या आपल्या हाफकिन संस्थेने ते बनवायची पद्धत बसवली आणि मुंबईची युनिकेम ते बनवू लागली. हॉकस्ट कोर्टात गेली आणि १९६८ मध्ये निकाल हॉकस्टच्या बाजूने लागला. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही, कोर्ट होता तो कायदा लावतं. पण विचार करा, ज्या जर्मनीने स्वतःच्या घरी १९६८ पर्यंत औषधाच्या वस्तूवर हक्क दिला नाही, तिथली कंपनी आपल्या घरी पेटंटच्या जोरावर आपल्याच सरकारी संस्थेने बसवलेली पद्धत थांबवू शकत होती.

शेवटी १९७० मध्ये पेटंट कायदा मंजूर झाला. अन्न, औषध आणि रसायनांच्या वस्तूला पेटंट नाही, फक्त प्रक्रियेला. औषधाच्या प्रक्रियेच्या पेटंटची मुदत अर्जापासून ७ वर्षं किंवा पेटंट मिळाल्यापासून ५ वर्षं, जी आधी संपेल ती. परवाना दिला तर औषधावर रॉयल्टी जास्तीत जास्त ४ टक्के. म्हणजे शोधकाला पैसे मिळणार, पण दार बंद करता येणार नाही.

कायदा मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. तो लागू झाला २० एप्रिल १९७२ रोजी.

डॉ. हमीद गेले २३ जून १९७२ रोजी.

दोन महिने आणि तीन दिवस! लायब्ररीत या दोन तारखा मी एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ वहीकडे बघत राहिले. १९३५ पासून ज्या कुलपासमोर हा माणूस उभा होता, ते उघडलं आणि आत जायला तो राहिला नाही. आत गेली ती पुढची पिढी. नव्या प्रोसेस शोधणं हेच इथल्या केमिस्टचं काम झालं, आणि दोन-तीन दशकांत भारत स्वस्त औषधांसाठी जगात ओळखला जाऊ लागला. आज आपल्यातले कितीतरी जण ज्या फार्मा कंपन्यांच्या प्लेसमेंटची वाट बघतात, त्या याच उघड्या दारातून आल्या.

कोणाला वाटेल, झालं, गोष्ट संपली. पण नाही...

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या डझनभर बड्या कंपन्यांनी, त्यात फायझर, मर्क, आयबीएम होत्या, एक समिती स्थापन केली. उद्देश एकच : जगाच्या व्यापार करारात पेटंट घुसवायचं. १९८८ च्या अमेरिकन व्यापार कायद्यात स्पेशल ३०१ नावाचं कलम आलं. ज्यांचा पेटंट कायदा पटत नाही त्या देशांची दरवर्षी यादी. १९९१ मध्ये भारत त्या यादीत सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात वाईट गटात गेला. १९९२ मध्ये अमेरिकेने आपल्या सुमारे ६ कोटी डॉलरच्या निर्यातीवरची करसवलत काढून घेतली. त्यात मुख्यतः औषधं आणि रसायनंच होती, हे लक्षात घ्या. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशला करारावर सह्या झाल्या. पेटंटची मुदत सगळ्यांना २० वर्षं, आणि भारताने १ जानेवारी २००५ पर्यंत औषधांना प्रॉडक्ट पेटंट द्यायचं. मधल्या काळातल्या तरतुदीला उशीर झाला म्हणून अमेरिकेने भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं आणि १९९७ मध्ये आपण हरलो. १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन दुरुस्त्या झाल्या. डॉ. हमीद यांच्या हयातीत उघडलेलं कुलूप तेहतीस वर्षांनी परत लागलं.

पण पूर्ण नाही. २००५ च्या दुरुस्तीत संसदेने ३ (ड) हे कलम ठेवलं. जुन्याच औषधाचं थोडं वेगळं रूप करून नवं पेटंट मागायचं असेल तर गुण खरंच वाढला हे दाखवा. याच कलमावर नोव्हार्टिसची कॅन्सरच्या ग्लिवेकसाठीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळली. आणि मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं कॅन्सरचं औषध ८,८०० रुपयांत! स्पेशल ३०१ च्या यादीत मात्र भारत २०२४ मध्येही होताच.

आणि युसूफ? २००१ मध्ये त्याने (खरं तर 'त्यांनी', पण मी त्यांना बर्लिनच्या त्या लग्नापासून ओळखते असं वाटायला लागलंय) एड्सची तीन औषधं एकत्र वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तोवर तो खर्च १० हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या लाखो लोकांना त्यामुळे काय वाट मोकळी झाली, तो वेगळा लेख होईल.

आता माझं मॉडेल. मला अजूनही वाटतं की त्या मुलांनी केलं ते चूक होतं. मेहनत करणाऱ्याला त्याचं श्रेय आणि मोबदला मिळायलाच हवा. संशोधनाला पैसा लागतो, हे कंपन्यांचं म्हणणंही खोटं नाही. पण आमचं मॉडेल कॉपी झाल्याने कोणी मेलं नाही. औषधाच्या कपाटाला कुलूप असेल तर कोणीतरी मरतं. दोन्ही गोष्टींना एकच कायदा कसा चालेल? आणि तो कायदा कुणी लिहायचा? ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांच्या संसदेने, की ज्यांच्या तिजोरीत चावी आहे त्यांनी? प्रत्येक देशाने हे उत्तर आपापल्या वेळेला, आपापल्या गरजेप्रमाणे दिलं. जर्मनीने दिलं, जपानने दिलं. आपण द्यायला गेलो तेव्हा मात्र जगाला घाई झाली.

मित्रांनो, आपण पुढे कोणी संशोधक होऊ, कोणी पेटंट कार्यालयात बसू, कोणी मोठ्या पगारावर मोठ्या कंपनीत जाऊ. पेटंट जरूर घेऊया. फक्त अर्जावर सही करताना बेलासिस रोडवरचा तो भाड्याचा बंगला एकदा आठवूया. आणि आपली सूत्रं रॉयल्टीशिवाय कंपनीला देऊन टाकणारा तो माणूसही.

सरांनी माझ्या प्रश्नाला उत्तर का दिलं नाही, ते आता कळलं. परीक्षेत दोन मार्कांना येणाऱ्या त्या एका ओळीमागे एका माणसाची सदतीस वर्षं होती!